उष्णता गेली कुठे? दहावीच्या एका पाठाविषयी

इयत्ता दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या भागातला पाचवा पाठ उष्णतेचा आहे. हे पुस्तक २०१८ मध्ये शाळांत आले. या पाठातील अवस्थांतराचा भाग, म्हणजे बर्फाचे पाणी आणि पाण्याची वाफ होताना उष्णता नेमके काय करते हा भाग, आम्ही एका विशिष्ट हेतूने पुन्हा वाचला. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील वर्ग डोळ्यांसमोर ठेवले, आणि तिथल्या मुलाला हा पाठ काय देतो व काय देत नाही, ते पाहिले.

हेच दोन तालुके का, असे कोणी विचारील. पालघर जिल्ह्याच्या या उत्तर टोकाला वाफेचे पाणी होण्याची क्रिया दोन अगदी भिन्न ठिकाणी चालते. एक, पाड्यावरच्या चुलीवर, मोहाच्या फुलांच्या भट्टीत. दुसरी, डहाणूच्या खाडीकाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्रात. एकीकडे मडके आणि गार पाण्याचे भांडे, तर दुसरीकडे २५० मेगावॉटचे दोन संच आणि २७५ मीटर उंचीची चिमणी. पण दोन्हीकडची मूळ क्रिया एकच आहे. या भागातील पुष्कळ मुले दोन्ही गोष्टी पाहत मोठी होतात. या दोहोंचा संबंध त्यांना कळावा अशी अपेक्षा विज्ञानाच्या पाठाकडून ठेवणे अवाजवी होणार नाही.

प्रथम पाठाचे गुण सांगितले पाहिजेत. हा पाठ व्याख्येने सुरू होऊन व्याख्येने संपत नाही. बर्फ तापवत राहा, ठरावीक वेळाने तापमान लिहा आणि त्याचा आलेख काढा, असा प्रयोग त्यात आहे. बर्फ वितळत असताना आणि पाणी उकळत असताना तापमान जागचे हलत नाही, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या आलेखात पाहावे अशी योजना आहे. ‘उष्णता देत आहोत आणि तरी तापमान वाढत नाही’ हा या विषयातील सर्वांत मोठा धक्का आहे, आणि पाठाने तो लपवलेला नाही. वितळण्यासाठी दर ग्रॅमला ८० कॅलरी आणि बाष्पनासाठी ५४० कॅलरी हे आकडेही दिलेले आहेत. जुन्या पिढीतील ज्या शिक्षकांनी हा विषय केवळ ‘व्याख्या द्या’ आणि ‘फरक स्पष्ट करा’ या दोन प्रश्नांत शिकवला, त्यांना हा बदल निश्चित सुखावणारा आहे.

आमची तक्रार यापुढची आहे. पाठाचा सारा भर चढत्या वाटेवर आहे. बर्फाकडून पाण्याकडे आणि पाण्याकडून वाफेकडे जाताना उष्णता घेतली जाते, ती कुठे गेली हेही सांगितले जाते. उतरत्या वाटेला, वाफेचे पाणी होताना, तीच उष्णता परत द्यावी लागते. ती कोणाला दिली जाते, ती घेणाऱ्याचे काय होते, याची चौकशी तशाच तपशिलाने होत नाही. एखाद्या दुकानदाराच्या वहीत फक्त जमेची बाजू लिहिलेली असावी, तसे हे झाले. अशी वही बिनचूक असली तरी तिच्यावरून व्यवहार कळत नाही.

हीच गोष्ट आलेखातही दिसते. फळ्यावर हा आलेख काढताना आपण शिक्षक बहुधा दोन्ही आडव्या रेषा सारख्याच लांबीच्या काढतो. वस्तुतः आच कायम ठेवली, तर शून्य अंशाचा बर्फ वितळायला लागणारा वेळ, ते पाणी १०० अंशांपर्यंत तापायला लागणारा वेळ आणि ते सगळे उकळून आटायला लागणारा वेळ यांचे प्रमाण ८० : १०० : ५४० असे येते. म्हणजे बर्फ ४ मिनिटांत वितळला, तर पाणी उकळी फुटेपर्यंत तापायला ५ मिनिटे लागतील, आणि भांडे कोरडे व्हायला त्यानंतर २७ मिनिटे. वर्गातला प्रयोग मात्र उकळी फुटली की दोन-चार मिनिटांत आवरता घेतला जातो. त्यामुळे ५४० हा आकडा पाठ होतो, पण तो केवढा मोठा आहे हे कळत नाही. ती २७ मिनिटे भांड्याजवळ बसून काढली असती, तर तो विसरणे कठीण झाले असते.

आता शब्दाकडे वळू. ‘अप्रकट उष्मा’ किंवा जुन्या पुस्तकांतली ‘सुप्त उष्णता’ ही नावे ज्या मूळ कल्पनेवरून आली, ती अठराव्या शतकातील आहे. त्या काळी उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे, तो पदार्थात शिरतो आणि तिथे दडून बसतो, असे अनेक शास्त्रज्ञ मानत. ती कल्पना मागे पडली, नाव मात्र राहिले. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते, की वाफेच्या आत कुठेतरी उष्णता झोपलेली आहे. खरे म्हणजे ती झोपलेली नसून खर्ची पडलेली असते. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. त्यांना परस्परांच्या आकर्षणातून सोडवून दूर नेण्यात ५४० कॅलरींपैकी सुमारे ५०० कॅलरी लागतात. उरलेल्या सुमारे ४० कॅलरी सभोवतालची हवा मागे ढकलण्यात जातात. कारण १ ग्रॅम पाण्याची १०० अंशांवर सुमारे १.७ लिटर वाफ होते आणि तिला जागा करून घ्यावी लागते.

इथे शिक्षकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘बंध तुटतात’ असे आपण सहज म्हणून जातो. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या पाठांत विद्यार्थी रासायनिक बंध शिकत असतो. त्यामुळे पाणी उकळले की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, असा समज पुष्कळांच्या मनात राहून जातो. पाण्याचे विघटन करून हे दोन वायू मिळवायचे, तर त्याला बाष्पनाच्या सुमारे सातपट ऊर्जा लागते. चुलीवरचे पाणी तिथवर जात नाही. रेणू सुटे होतात, पण मोडत नाहीत, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी बराच गोंधळ टळेल.

आता पाड्यावरच्या भट्टीकडे जाऊ. तिच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. कुठे आंबवलेल्या फुलांच्या भांड्यावर गार पाण्याने भरलेले दुसरे भांडे ठेवतात, तर कुठे वाफ नळीने बाहेर काढून पाण्यात बसवलेल्या भांड्यात नेतात. पण भट्टीजवळ बसणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे गार पाणी बदलत राहावे लागते. ते पाणी चुलीवर नसते, जाळ त्याच्यापासून दूर असतो, तरी ते भराभर तापते. बदलले नाही तर थेंब पडायचे मंदावतात आणि वाफ वाया जाते. हे पाणी कोण तापवते? वाफच तापवते. पाणी होताना ती घेतलेली उष्णता परत करते, आणि ती घेऊन गार पाणी गार राहत नाही. अप्रकट उष्म्याचा अर्धा पाठ, आणि पुस्तकात नसलेला अर्धा, त्या पाणी बदलणाऱ्या मुलाने शाळेत येण्यापूर्वीच पाहिलेला असतो. तोच मुलगा परीक्षेत व्याख्या चुकली म्हणून गुण गमावतो. आमच्या मते या पाठाविषयी विचार करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

हा योगायोग नाही, हे सांगायला इतिहास साक्षीला आहे. या विषयाचा पाया १७६० च्या दशकात स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाने घातला. १७६२ मध्ये त्याने केलेला एक प्रयोग आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. सपाट बुडाच्या पत्र्याच्या भांड्यात थोडे पाणी घेऊन त्याने ते तापलेल्या शेगडीवर ठेवले. पाणी सुरुवातीला सुमारे १० अंश सेल्सिअस होते. सुमारे ४ मिनिटांत उकळी फुटली आणि पुढच्या २० मिनिटांत सगळे पाणी उडून गेले. आता हिशेब करा. ४ मिनिटांत ९० अंश, म्हणजे दर ग्रॅमला ९० कॅलरी. तर २० मिनिटांत त्याच्या पाचपट, म्हणजे ४५० कॅलरी. आजचा आकडा ५४० आहे. एक पत्र्याचे भांडे, एक शेगडी आणि एक घड्याळ एवढ्या साधनांवर तो इतका जवळ पोहोचला होता.

पुढे १७६४ मध्ये ब्लॅक आणि त्याचा विद्यार्थी विल्यम आयर्विन यांनी अधिक चांगले मोजमाप केले, आणि ते उतरत्या वाटेने केले. प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातनाच्या साध्या भट्टीत वाफेचे पाणी होताना गार पाण्याने किती उष्णता घेतली, ती त्यांनी मोजली. म्हणजे पाड्यावर जे पाणी तापले म्हणून ओतून देतात, त्याच पाण्याचा हिशेब त्यांनी मांडला. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा जेम्स वॉट हाही त्या सुमारास वाफ गार पाण्यात सोडून पाहत होता. वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट गार पाण्याला उकळीपर्यंत नेते, असे त्याला आढळले. ५४० ला ९० ने भागून पाहा, सहा येतात. या कोड्याचा उलगडा त्याला ब्लॅककडून झाला. १७६५ मध्ये वॉटला वाफेसाठी वेगळ्या संघनकाची कल्पना सुचली आणि १७६९ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. उतरत्या वाटेचा अभ्यास झाला, आणि वाफेचे इंजिन खऱ्या अर्थाने कामाचे झाले.

तोच संघनक, अर्थात खूप सुधारलेल्या रूपात, डहाणूच्या वीजकेंद्रात आहे. कोळशाच्या उष्णतेने बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, ती टर्बाइन फिरवते, आणि नंतर संघनकात तिचे पुन्हा पाणी होते. संघनकातील नळ्यांतून खाडीचे पाणी वाहते. इथे चौकस विद्यार्थी विचारील, ‘एवढा कोळसा जाळून केलेली वाफ गार कशाला करायची? तशीच परत बॉयलरमध्ये का घालत नाहीत?’ प्रश्न फार चांगला आहे. टर्बाइनच्या एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असेल तरच वाफ धावते. वाफेचे पाणी झाले की जागा रिकामी होते आणि तिथे दाब अगदी कमी राहतो. शिवाय उरलेली वाफ दाबून बॉयलरमध्ये परत ढकलायची, तर मिळवलेले काम त्यातच खर्च होईल. पाणी मात्र थोड्या कष्टात ढकलता येते. उष्णतेचे पुरतेपणी कामात रूपांतर करणारे चक्र बनवता येत नाही, काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते, हा निसर्गनियम इथे प्रत्यक्ष दिसतो.

ती सोडलेली उष्णता किती? ढोबळ हिशेब विद्यार्थ्यांनाही करता येईल. अशा प्रकारच्या केंद्रात कोळशातील ऊर्जेचा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग वीज होतो, आणि जवळजवळ निम्मा भाग संघनकातून गार पाण्यात जातो. म्हणजे ५०० मेगावॉट वीज पूर्ण क्षमतेने निघत असेल, तेव्हा ६०० ते ७०० मेगावॉट उष्णता पाण्यात जाते. ६५० धरू. दर सेकंदाला ही सुमारे १ लाख ५५ हजार किलोकॅलरी झाली. समजा, गार पाण्याचे तापमान ७ अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे २२ टन पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर, दर सेकंदाला! भट्टीवरचा मुलगा जे भांडे हाताने बदलतो, तेच हे भांडे आहे. फरक एवढाच, की इथे ते खाडीएवढे आहे आणि बदलण्याचे काम पंप करतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. संघनकातील दाब फार कमी असल्यामुळे तिथली वाफ चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास पाणी होते. ‘वाफ १०० अंशांना पाणी होते’ एवढेच शिकलेला विद्यार्थी इथे अडखळेल. १०० हा आकडा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचा आहे, पाण्याच्या अंगचा नाही, हे सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

डहाणू तालुक्याला केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. धूर, राख, गंधकाचा वायू यांविषयी इथे पुष्कळ बोलले गेले आहे. पाण्यात जाणाऱ्या उष्णतेविषयी बोलायचे, तर वरचा हिशेब यावा लागतो. तो येणाऱ्या नागरिकाला ‘केंद्रातून गरम पाणी का सोडतात’ या प्रश्नावर कोणी भुलवू शकणार नाही. आणि ‘ते सोडूच नका’ अशी अशक्य मागणीही तो करणार नाही. किती सोडता, किती अंशांनी तापवून सोडता, कुठे सोडता, असे नेमके प्रश्न तो विचारील. दहावीनंतर ज्यांचे शिक्षण थांबते, त्यांना हे शिकण्याची संधी या पाठातच आहे. पुढे ती मिळेल याची खात्री नाही.

पाठातली दुसरी उणीव अशी, की बाष्पन म्हणजे उकळणे, असा ठसा त्यातून उमटतो. डहाणू, बोर्डी, झाई या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले असतात. तिथे काही उकळत नाही, तरी पाण्याची वाफ होत असते, आणि तिची किंमत माफ होत नाही. उलट ३० अंशांवर १ ग्रॅम पाण्याच्या बाष्पनाला सुमारे ५८० कॅलरी लागतात, १०० अंशांवर लागतात त्यापेक्षा जास्त. ओल्या बोंबलात वजनाच्या ८५ ते ९० टक्के पाणी असते. एक टन बोंबलातून ८०० किलोग्रॅम पाणी घालवायचे धरले, तर ४ लाख ६४ हजार किलोकॅलरी लागतील. विजेच्या भाषेत हे सुमारे ५४० युनिट झाले. (हा आकडा पुन्हा ५४० आला, तो केवळ योगायोग.) एवढी ऊर्जा ऊन आणि वारा मिळून देतात, आणि तिचे बिल येत नाही. ढगाळ हवेत आणि दमट वाऱ्यात मासळी का वाळत नाही आणि कशी नासते, हे कोळी कुटुंबातील मुलाला सांगावे लागत नाही. त्याला फक्त हे सांगायचे आहे, की तो ज्याला ‘वाळणे’ म्हणतो आणि पुस्तक ज्याला ‘बाष्पन’ म्हणते, त्या दोन गोष्टी एकच आहेत.

बर्फाचेही तसेच. होड्या समुद्रात जाताना बर्फ घेऊन जातात. थंडगार पाणी का नेत नाहीत? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. २८ अंशांच्या १ किलो मासळीवर शून्य अंशाचे १ किलो पाणी ओतले, तर दोन्ही मिळून सुमारे १३ अंशांवर येऊन थांबतील. बर्फ मात्र वितळताना दर किलोला ८० किलोकॅलरी घेतो. १ किलो मासळी शून्यावर आणायला सुमारे २५ किलोकॅलरी पुरतात. म्हणजे कागदावर १ किलो बर्फ ३ किलो मासळीला पुरला पाहिजे. प्रत्यक्षात उष्ण प्रदेशात मासळीइतकाच बर्फ घ्यावा असा संकेत आहे. मग उरलेला बर्फ कुठे गेला? तो पेटीच्या भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेने खाल्ला. पुन्हा तोच प्रश्न, उष्णता कुठून आली आणि कुठे गेली.

याच दृष्टीने पाठातील पुनर्हिमायनाचा प्रयोगही पाहावा. बर्फाच्या लादीवरून दोन्ही टोकांना वजने बांधलेली तार सोडली, की तार लादीतून खाली उतरते आणि लादी मात्र अखंड राहते. दाबाने वितळणबिंदू खाली येतो, हे स्पष्टीकरण बरोबर आहे, पण अपुरे आहे. तारेखाली बर्फ वितळायला उष्णता लागते. ती कुठून येते? तारेच्या वर पाणी पुन्हा गोठते, तेव्हा तितकीच उष्णता बाहेर पडते आणि ती तारेतून खाली जाते. म्हणूनच तांब्याची तार झपाट्याने उतरते, तर तेवढ्याच जाडीचा नायलॉनचा दोरा रेंगाळतो. एकाच लादीत चढती आणि उतरती वाट एकमेकींना लागून आहेत. पाठाच्या हाती हे उत्तम उदाहरण होते, पण ‘दाब’ या एका शब्दावर विषय संपवल्याने ते वाया गेले.

यावर काही आक्षेप येतील, याची आम्हांला कल्पना आहे. पहिला असा, की पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी असते, त्यात डहाणूची खाडी कशी येणार? ती यावी असे आमचे म्हणणे नाही. पुस्तकाने ‘उष्णता गेली कुठे?’ हा प्रश्न प्रत्येक अवस्थांतराला विचारावा, एवढे पुरे. खाडी, भट्टी, बोंबील हे शिक्षकाने आणायचे. कोल्हापूरचा शिक्षक गुऱ्हाळाची कढई आणील आणि नागपूरचा उन्हाळ्यातला कूलर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वर्गात दारूच्या भट्टीचे नाव काढावे का? परवान्याशिवाय दारू गाळणे कायद्याने गुन्हा आहे, आणि दारूने या भागातील कितीतरी घरांचे नुकसान केले आहे, हे खरे आहे. भट्टीचे कौतुक करा असे आम्ही सुचवत नाही. परंतु जे मुलाला ठाऊक आहे ते ठाऊक नाही असे समजून शिकवणे, हाही त्याचा एक प्रकारे अपमानच आहे. शिवाय तोच प्रयोग निव्वळ पाण्यावर करता येतो.

तिसरा आक्षेप साधनांचा. अनेक आश्रमशाळांत प्रयोगशाळा नावापुरतीच असते. याला उत्तर ब्लॅकच्या पत्र्याच्या भांड्यात आहे, आणि त्याहून जवळचे उत्तर याच तालुक्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि अनुताई वाघ यांनी ते काम आयुष्यभर चालवले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, हा कुरणशाळेचा विचार तिथलाच. महागडी साधने नाहीत म्हणून शिक्षण अडवायचे नाही, परिसरातील पाने, बिया, शंख-शिंपले यांनाच साधन करायचे, हा धडा कोसबाडने बालवाडीला दिला. तो दहावीच्या विज्ञानाला लागू पडणार नाही, असे मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

म्हणून दोन प्रयोग सुचवतो. पहिला ब्लॅकचाच. एका पसरट भांड्यात अर्धा पेला पाणी घ्यावे, आच शक्य तितकी सारखी ठेवावी, आणि उकळी फुटण्याची व भांडे कोरडे होण्याची वेळ घड्याळात पाहावी. सुरुवातीचे तापमान मोजायला तापमापी नसेल तर साधारण २५ ते ३० अंश धरावे. पाणी आटत आले की भांडे ताबडतोब उतरवावे. उत्तर ५४० च्या किती जवळ येते आणि ते चुकले तर का चुकले, याची चर्चा व्याख्येपेक्षा अधिक शिकवून जाईल.

दुसरा प्रयोग उतरत्या वाटेचा. पातेल्यात थोडे पाणी उकळत ठेवावे, मध्ये एका उभ्या दगडावर वाटी ठेवावी आणि वर १ लिटर गार पाण्याने भरलेली, गोल बुडाची कढई बसवावी. कढईच्या बुडाला लागलेली वाफ थेंब होऊन वाटीत पडेल. काही वेळाने वाटीतले पाणी मोजावे आणि कढईतल्या पाण्याचे तापमान किती वाढले ते पाहावे. ५० ग्रॅम पाणी जमले असेल, तर हिशेबाने कढईतले १ लिटर पाणी सुमारे २७ अंशांनी तापले पाहिजे. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. काही थेंब वाटीबाहेर पडतील, काही उष्णता हवेत जाईल. वाफेने भाजते, तेव्हा कढई उचलण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. वाफेने का अधिक भाजते, हेही त्याच वेळी सांगावे. कातडीवर पाणी होताना ती दर ग्रॅमला ५४० कॅलरी तिथेच सोडते.

पाठ्यपुस्तके बदलतात, आणि हा पाठही कधीतरी नव्याने लिहिला जाईल. लिहिणाऱ्यांनी चढत्या आलेखाच्या शेजारी उतरता आलेखही द्यावा, आणि स्वाध्यायात किमान एक प्रश्न असा घालावा, की ज्याचे उत्तर विद्यार्थ्याला घरी, चुलीपाशी किंवा किनाऱ्यावर शोधावे लागेल. तोपर्यंत शिक्षकांनी थांबण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी हा पाठ घेताना कढईतले गार पाणी कोणी तापवले, एवढे वर्गाला विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी. तलासरीच्या एखाद्या वर्गात ते उत्तर मागच्या बाकावरून येण्याची शक्यता अधिक आहे.